कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो तेव्हा

मोठ्या अंगाच्या कुत्र्याला जेवताना एकदा घड्याळ लावून बघा. भांडं नीट खाली ठेवायच्या आधीच त्याचं नाक आत गेलेलं असतं. चावण्याचा आवाज फारसा येत नाही, ऐकू येतं ते नुसतं गटकणं. मिनिटाभरात भांडं लख्ख, आणि ते चाटत चाटत खोलीच्या दुसऱ्या टोकाला ढकललेलं. "काय भूक आहे पोराला!" म्हणून आपण कौतुक करतो.

त्याचा स्वभावच तसा आहे असं म्हणायला हरकत नाही. कुत्र्याचा जबडा वर-खाली उघडतो, आपल्यासारखा आडवा फिरत नाही. त्याच्या दाढा कात्रीसारख्या कापतात, जात्यासारख्या दळत नाहीत. त्यामुळे घास तोडायचा आणि गिळायचा, एवढंच काम तोंडात होतं. पण अशा घाईत घासाबरोबर हवाही आत जाते, आणि छातीचा पिंजरा खोल आणि अरुंद असलेल्या कुत्र्यांना हे कधी कधी जिवावर बेततं.

पोटफुगी म्हटलं की आपल्याला अपचन आठवतं. फुगलेल्या पोटाला पीळ पडला की मात्र प्रकरण अपचनाचं राहत नाही. जठर ही दोन टोकांना बांधलेली पिशवी आहे असं समजा. वरचं टोक अन्ननलिकेशी जोडलेलं, खालचं लहान आतड्याशी. मधला भाग बऱ्यापैकी मोकळा असतो, कारण त्याला पोट भरल्यावर पसरायचं असतं. ही पिशवी अन्न आणि वायूने तट्ट फुगली की तिचं खालचं टोक उजवीकडून पोटाच्या तळाने सरकत डावीकडे जातं आणि पिशवी स्वतःभोवती फिरते. बहुतेक वेळा हा पीळ १८० ते २७० अंशांचा असतो. दोन्ही तोंडं आवळली जातात. ढेकर येत नाही, उलटी होत नाही, पुढे आतड्यातही काही जात नाही. आतला वायू मात्र वाढतच राहतो.

पुढचं नुकसान पोटापुरतं राहत नाही. फुगलेलं जठर शरीराच्या मागच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दाबून टाकतं. हृदयाकडे रक्तच कमी पोचलं तर ते पुढे काय पाठवणार? रक्तदाब कोसळतो, हिरड्या फिक्या पडतात, हृदयाचे ठोके चुकू लागतात. जठराला चिकटून असलेली प्लीहाही पिळासोबत ओढली जाते. जठराच्या भिंतीला रक्त मिळेनासं झालं की ती काही तासांतच मरायला लागते.

ओळखायचं कसं? एकच खूण लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: कुत्रा उलटी काढायचा जीव तोडून प्रयत्न करतो, पण बाहेर काही येत नाही, आलाच तर फेस. जोडीला लाळ गळणं, एका जागी न बसणं, वळून वळून कुशीकडे बघणं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं दिसेल, पण खोल छातीच्या कुत्र्यात जठर बरगड्यांआड लपलेलं असतं, त्यामुळे ते दिसायची वाट बघू नका. घरगुती औषध नाही, "सकाळी बघू" नाही. थेट पशुवैद्य गाठायचा. तिथे सलाइन सुरू करतात, नळीने किंवा सुईने वायू काढतात आणि शस्त्रक्रियेने पीळ सोडवतात. उपचार मिळूनही सगळी कुत्री वाचत नाहीत.

या बाबतीत एक मजेदार, खरं तर गंभीर, गोष्ट घडली. मोठ्या कुत्र्याचं भांडं स्टुलावर किंवा स्टँडवर उंच ठेवावं, म्हणजे मान न वाकवता खाताना हवा कमी जाते, असा सल्ला अनेक वर्षं सर्रास दिला जायचा. ऐकायला पटतोही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने मोठ्या आणि अतिमोठ्या अशा ११ जातींच्या दीड हजारांहून अधिक कुत्र्यांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. २००० साली आलेल्या निष्कर्षांत हिशोब उलटा निघाला: उंच भांड्यातून खाणाऱ्यांना धोका जास्त. भरभर खाणं, वाढतं वय आणि आई-बाप किंवा भावंडांपैकी कुणाला हा त्रास झालेला असणं, याही गोष्टी धोका वाढवणाऱ्या निघाल्या. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत भांड्याच्या उंचीबद्दल एकमत झालेलं नाही, पण उंचीचा फायदाही सिद्ध झालेला नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: मानेचा, सांध्यांचा किंवा अन्ननलिकेचा आजार असल्यामुळे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल, तर भांडं जमिनीवरच बरं.

वय आणि घराणं आपल्या हातात नाही, वेग आणि घासाचं माप आहे. दिवसाचं सगळं खाणं एकदाच ओतण्याऐवजी तेवढंच दोन-तीन वेळांत वाटून द्या. आत उंचवटे असलेलं भांडं मिळतं, त्यात कुत्र्याला जीभ वळवून वळवून दाणे काढावे लागतात. ते नसेल तर मोठ्या ताटात किंवा चटईवर दाणे पसरले तरी काम भागतं. घरात दोन कुत्री असतील तर एकमेकांना दिसणार नाहीत अशी जेवू घाला. शेजारचा आपलं पळवेल या धास्तीने दोघंही गिळत सुटतात. कोरड्या खाद्याच्या पाकिटावर पहिल्या चार घटकांत तेल किंवा चरबी असेल, तर धोका दुपटीहून जास्त आढळला आहे, तेव्हा ती यादी वाचाच. पाणी तोडू नका, दिवसभर समोर असू द्या. जेवणानंतर तासभर धावपळ नको हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याला भक्कम पुरावा नाही, पण पाळायला काही खर्चही नाही.

आणखी एक, खाद्याची गोणी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फोडलेल्या गोणीवर ताव मारलेल्या कुठल्याही जातीच्या कुत्र्याचं पोट धोकादायक फुगू शकतं. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ तर त्याहून वाईट. ते पोटात फुगत राहतं आणि वर मद्यार्कही तयार करतं.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड, आयरिश सेटर अशा जातींचं पिल्लू घरी असेल तर पशुवैद्यांना जठर टाचून घेण्याबद्दल विचारा. जठराचा खालचा भाग उजवीकडच्या पोटाच्या भिंतीला टाक्यांनी कायमचा जोडतात. नसबंदीच्या वेळीच हे करता येतं, म्हणजे भूल दोनदा द्यावी लागत नाही. २००३ मधल्या एका विश्लेषणात या शस्त्रक्रियेमुळे पिळाने होणारे मृत्यू रॉटवायलरमध्ये सुमारे दोन पटींनी, तर ग्रेट डेनमध्ये जवळपास तीस पटींनी घटतील असा अंदाज निघाला. अशा कुत्र्याचं जठर फिरण्याची शक्यता फार कमी उरते. फुगू मात्र शकतं, त्यामुळे उंचवट्यांचं भांडं माळ्यावर टाकायचं नाही.