पार्श्वभूमी : 'आक्रोश' रडण्याचा की रागाचा?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी बातम्यांत 'आक्रोश' दोन ठिकाणी भेटतो : अपघातात गेलेल्याच्या दारात आणि कचेरीवर निघालेल्या मोर्चात. पहिल्या जागी तो कुणाला खटकत नाही. दुसऱ्या जागी जुनी माणसं थबकतात. मोर्चात मयत कुणाची?

मूळ धातू 'क्रुश्', म्हणजे ओरडणं. हाक पोचेल तेवढं अंतर तो क्रोश, आपला कोस. पाणिनीच्या सूत्रांत 'आक्रोश' येतो तो शिव्याशापांच्या अर्थानं. मराठीनं त्यातला राग गाळून ऊर बडवून रडणं तेवढं ठेवलं. शेजारी 'टाहो' आहे, गाईच्या हंबरण्यावरून आलेला 'हंबरडा' आहे. 'गळा काढणं' मात्र या पंगतीतलं नव्हे, त्यात रडणाऱ्यावरचा अविश्वास आहे.

कन्नडमध्ये उलट झालं. तिथं 'आक्रोश' म्हणजे संताप. मृताच्या घरच्यांचं रडणं कन्नड वर्तमानपत्रात 'आक्रंदन' असतं आणि ते 'मुगिलु मुट्टितु', ढगांना भिडलं, असं छापून येतं. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या वार्ताहराच्या हातून 'सार्वजनिकर आक्रोश'चा 'नागरिकांचा आक्रोश' होणं साहजिकच. इथले काही भाषाप्रेमी याला कन्नडचं अतिक्रमण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. जनआक्रोश मोर्चे पुण्या-मुंबईतही निघतात, तिथं कन्नडचा काय संबंध? हिंदीतला 'जन आक्रोश' रागाचाच आहे, हे कुणी बोलत नाही.

शिवाय सीमाभागात या शब्दासाठी जमीन आधीच नांगरलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि तो दिवस इथं काळा दिन झाला. दंडाला काळी फीत, मूक फेरी, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन. महाराष्ट्रात जाण्याची मागणी राजकीय, रीत मयताच्या घरची. पुढं सीमावादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं. एवढ्या वर्षांत दुःख कुठं संपतं आणि राग कुठं सुरू होतो, ते निवडून काढणं अवघड झालं. त्यामुळं फलकावरचा एकच 'आक्रोश' कन्नड वाचणाऱ्याला दम दिल्यासारखा वाटतो आणि मराठी म्हातारीला रडं ऐकू येतं.

घरात मात्र हा शब्द कुणी वापरत नाही. तिथं 'लई रडालीय बघा' एवढंच.