मॉडेल हेलिकॉप्टरचा रेडिओ: मेनूतली प्रत्येक ओळ कुठून आली

नवं मॉडेल हेलिकॉप्टर घरी येतं, टेबलावर मांडलं जातं आणि ट्रान्समीटरचा मेनू उघडला की नवशिक्याचा हात थबकतो. थ्रॉटल कर्व्ह, पिच कर्व्ह, स्वॉश मिक्स, रेव्हो मिक्स, जायरो गेन, सब-ट्रिम, थ्रॉटल होल्ड. विमानाच्या मॉडेलला यातलं निम्मंही लागत नाही. माहितीपुस्तिकेत आकडे दिलेले असतात आणि बहुतेक जण ते जसेच्या तसे भरतात. मला मात्र वर्षानुवर्षं वाटत आलं आहे की हे आकडे भरण्याआधी त्यांचा इतिहास ठाऊक असायला हवा. मेनूतली जवळजवळ प्रत्येक ओळ म्हणजे कोणे एके काळी हेलिकॉप्टरच्या पोटात बसवलेला लोखंडाचा किंवा पितळेचा एखादा भाग आहे. तो भाग का होता हे कळलं की आकडा आपोआप समजतो.

रेडिओने मॉडेल चालवायची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी नियंत्रणाची छोटी बोट लोकांना चालवून दाखवली होती. विमानाची मॉडेलंही १९३० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओवर उडू लागली. हेलिकॉप्टरला मात्र पुढची तीस वर्षं वाट पाहावी लागली. सुरुवातीच्या रेडिओंवर बटण दाबलं की सुकाणू एका बाजूला पूर्ण वळायचं, सोडलं की सरळ व्हायचं. मधलं काही नाही. विमान तेवढ्यावर निभावून नेतं, कारण हात सोडला तरी ते स्वतःला सावरतं. हेलिकॉप्टरला हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबून राहताना, एकाच वेळी चार गोष्टी थोड्या थोड्या आणि सतत द्याव्या लागतात: उंची, शेपटी, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे. स्टिक जितकी हलवली तितकाच सर्व्हो, म्हणजे दांड्याला जोडलेला हात फिरवणारी छोटी मोटर, हलेल असे प्रपोर्शनल रेडिओ १९६० च्या दशकात आले, तेव्हा कुठे हे शक्य झालं.

आणि लगेचच जर्मनीतल्या डीटर श्लुटर यांनी ते करून दाखवलं. त्यांच्या बेल ह्यूकोब्रा मॉडेलने १९७० साली जवळजवळ अर्धा तास हवेत राहून विक्रम केला. मॉडेल हेलिकॉप्टर उडतंच नाही असं ठामपणे सांगणाऱ्यांना त्यानंतर बोलायला जागा उरली नाही. पुढे त्याच मॉडेलचा किट बाजारात आला आणि हा छंद खऱ्या अर्थाने सुरू झाला.

श्लुटर यांच्या त्या हेलिकॉप्टरच्या मुख्य पात्यांचा कोन ठरलेला होता. वर जायचं तर इंजिनाचा वेग वाढवायचा, खाली यायचं तर कमी करायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण फिरणारा रोटर हे जड चाक असतं, त्याचा वेग बदलायला वेळ लागतो. स्टिक पुढे केली की हेलिकॉप्टर क्षणभर विचार करायचं आणि मगच उचलायचं. तोवर हाताने आणखी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, दिलेला असायचा. १९७० च्या दशकातच कवान यांच्या जेट रेंजरसारखी मॉडेलं कलेक्टिव्ह पिच घेऊन आली. रोटरचा वेग शक्यतो कायम ठेवायचा आणि पात्यांचा कोनच कमी-जास्त करायचा, म्हणजे उंची तत्काळ बदलते.

थ्रॉटल कर्व्ह आणि पिच कर्व्ह या जोडीचा जन्म इथे झाला. कोन वाढला की पात्यांना हवेचा विरोध वाढतो आणि इंजिन दबतं, म्हणून कोनाबरोबर थ्रॉटलही वाढवावा लागतो. पण किती? सुरुवातीला थ्रॉटलचा आणि पिचचा असे दोन्ही दांडे एकाच सर्व्होला जोडलेले असत आणि सर्व्होच्या हाताचं भोक बदलून, दांड्याची लांबी आटे फिरवून हा मेळ साधावा लागे. मैदानावर गुडघ्यावर बसून, तेलकट बोटांनी. मग हेलिकॉप्टरसाठी खास रेडिओ आले, त्यांच्यावर हॉवरच्या थ्रॉटलसाठी एक आणि पिचसाठी एक गोल बटण असे. संगणकीय रेडिओंनी त्याचा पाच बिंदूंचा आलेख केला. आज ४५० या लहान आकाराच्या वर्गातल्या हेलिकॉप्टरला नवशिक्यासाठी जे आकडे सुचवले जातात, म्हणजे स्टिक मध्यावर असताना पिच साधारण अधिक ५ अंश आणि थ्रॉटल ६० ते ६५ टक्के, खालच्या टोकाला पिच शून्य ते उणे २, वरच्या टोकाला अधिक ९ च्या आसपास, ते त्याच दांड्यांचं अंकांतलं रूप आहे. म्हणून माझा आग्रह असतो की पिच गेज नावाचं ते साधं प्लास्टिकचं माप पात्यावर चढवून कोन स्वतः मोजावा. रेडिओवरचा टक्का म्हणजे अंश नव्हे.

शेपटीची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. बहुतेक मॉडेलांचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे शरीर उलट फिरू पाहतं आणि नाक डावीकडे जातं. ते धरून ठेवायला शेपटीचा रोटर. पण थ्रॉटल वाढवला की नाक आणखी डावीकडे ओढलं जातं, कमी केला की उजवीकडे सुटतं. सुरुवातीच्या वैमानिकांचा डावा अंगठा यातच दमून जायचा. त्यावर रेडिओवाल्यांनी काढलेला उपाय म्हणजे रेव्होल्यूशन मिक्सिंग, बोलीत रेव्हो: थ्रॉटल जितका वाढेल तितका नाक उजवीकडे नेणारा संकेत शेपटीला आपोआप द्यायचा. हॉवरच्या वर वेगळा टक्का, खाली वेगळा. मग यांत्रिक जायरो आला, शरीर वळलं की ते ओळखून शेपटीला उलटा संकेत देणारा. काडेपेटीपेक्षा मोठा डबा, आत छोटी मोटर आणि तिच्या दोन टोकांना गरगरणारी पितळी चक्रं. तो शेपटीचा झटका मऊ करायचा, पण नाक जिथून हललं तिथे परत आणायचा नाही. १९९० च्या दशकात पिझो स्फटिकाचे जायरो आले आणि त्यांच्या पाठोपाठ हेडिंग होल्ड. नाक किती फिरलं याचा हिशेब हा जायरो ठेवतो आणि ते मूळ दिशेला परत आणतो.

नवशिक्यांच्या एका नेहमीच्या गोंधळाचं मूळ इथे आहे. हेडिंग होल्ड जायरोला शेपटीच्या चॅनेलवर येणारा प्रत्येक संकेत म्हणजे ‘इतक्या वेगाने फिर’ असा हुकूम वाटतो. रेडिओत रेव्हो मिक्स चालू राहिलं तर थ्रॉटल वाढवताच तो हुकूम जातो आणि हेलिकॉप्टर हळूहळू स्वतःभोवती वळू लागतं. माणूस ट्रिम (स्टिकच्या मध्याची बारीक दुरुस्ती) देतो, आणखी बिघडवतो. दोष हेलिकॉप्टरचा नसतो, एका जुन्या काळाचा उपाय नव्या उपायाच्या अंगावर बसलेला असतो. हेडिंग होल्ड असेल तर रेव्हो बंद, शेपटीचं ट्रिम शून्य.

जायरोची दिशा तपासायची पद्धतही लिहून ठेवतो, कारण ती चुकली तर पहिल्याच उड्डाणात हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरतं. मोटरच्या तारा काढून ठेवायच्या. उजवीकडे रडर (शेपटीची स्टिक) दिल्यावर शेपटीचा सर्व्हो कुठे जातो ते पाहायचं. मग स्टिक सोडून, हातानेच हेलिकॉप्टरचं नाक झटक्यात डावीकडे वळवायचं. सर्व्हो उजव्या रडरच्याच दिशेने जायला हवा. उलट गेला तर जायरोवरचं रिव्हर्सचं बटण बदलायचं, रेडिओतलं नव्हे.

स्वॉशप्लेटची, म्हणजे सर्व्होंची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणाऱ्या तबकडीची, कथा थोडक्यात. पूर्वी प्रत्येक कामाला एक सर्व्हो असे आणि तीन हालचालींची बेरीज-वजाबाकी तरफांच्या गुंत्याने व्हायची. तरफा आल्या म्हणजे ढिलेपणा आला. नंतर तीन सर्व्हो १२० अंशांवर थेट स्वॉशप्लेटला लावून बेरीज रेडिओतल्या संगणकाकडे सोपवली, तेच आजचं सीसीपीएम. त्यामुळे इथला क्रम महत्त्वाचा. आधी स्टिक मध्यावर ठेवून तिन्ही सर्व्होंचे हात दांड्याशी काटकोनात बसवायचे. सर्व्होच्या दंतचक्राला फुटाबाचे २५, हायटेकचे २४, जेआरचे २३ असे दात असतात, म्हणून एकाचा हात दुसऱ्याला बसत नाही आणि आपल्या सर्व्होवरही तो नेमक्या काटकोनात क्वचितच येतो. उरलेला फरक भरून काढायला सब-ट्रिम आहे, आणि तेवढ्यालाच आहे. मग पिच दिल्यावर तिन्ही सर्व्हो एकत्र वर जातात का ते पाहून सर्व्होच्या दिशा ठरवायच्या. एलिरॉन (डावीकडे-उजवीकडे) किंवा एलिव्हेटर (पुढे-मागे) उलटा निघाला तर सर्व्हो पुन्हा उलटायचा नाही, स्वॉश मिक्समधलं अधिक-उणे चिन्ह बदलायचं. हा एक नियम पाळला तर अर्धी संध्याकाळ वाचते.

कोणती स्टिक कोणत्या हातात, हाही वारसाच. मोड २ मध्ये थ्रॉटल आणि शेपटी डाव्या हाताला, सायक्लिक, म्हणजे पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे नेणारं नियंत्रण, उजव्या हाताला. खऱ्या हेलिकॉप्टरमध्येही वैमानिकाचा डावा हात कलेक्टिव्हवर आणि उजवा सायक्लिकवर असतो. जपानात मोड १ रुळला. कुणी शिकवणारा असेल तर त्याचाच मोड घ्यावा, हा माझा सल्ला.

लहरींचा प्रश्न त्याहून जिवावरचा होता. अमेरिकेत ७२, युरोपात ३५ मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येकाच्या रेडिओत ठरावीक चॅनेलचा स्फटिक. मैदानावर फळीला चिमटे लावलेले असत. आपल्या चॅनेलचा चिमटा हातात असल्याशिवाय रेडिओ सुरू करायचा नाही. कुणी विसरला तर दुसऱ्याचं हवेतलं मॉडेल जमिनीवर. २००० च्या दशकाच्या मध्यापासून २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले, रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी बाइंड होऊ लागला आणि चिमटे गेले. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणं २००५ च्या नियमांनी परवान्यातून मोकळी केली, म्हणून पुण्या-मुंबईतल्या मुलालाही हा रेडिओ सरळ विकत घेता येतो. बाइंड करताना फेलसेफमध्ये थ्रॉटल शून्य ठेवणं मात्र आपलं काम. संकेत तुटला की मोटर बंद पडलीच पाहिजे.

गेल्या काही वर्षांत चित्र पुन्हा पालटलं. फ्लायबार, म्हणजे मुख्य पात्यांना आडवा तो दांडा, मूळचा आर्थर यंग यांच्या बेल हेलिकॉप्टरमधल्या स्थिरकाचा आणि स्टॅन्ली हिलर यांच्या पॅडलचा वंशज. मॉडेलमध्ये तो चाळीसेक वर्षं टिकला. आता त्याची जागा तीन अक्षांच्या इलेक्ट्रॉनिक पाटीने घेतली आहे आणि स्वॉशची बेरीजसुद्धा ती पाटीच करते. अशा हेलिकॉप्टरला रेडिओत सीसीपीएम चालू ठेवलं तर बेरीज दोनदा होते आणि स्वॉशप्लेट वेडीवाकडी हलते. पाटीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तर स्वॉश प्रकार साधा, एका सर्व्होचा निवडायचा. सब-ट्रिम आणि मिक्स सगळे शून्य.

इतकी पिढ्यांची उपकरणं आली-गेली, तरी थ्रॉटल होल्डचं बटण प्रत्येक हेलिकॉप्टर-रेडिओवर राहिलं आहे. इंजिनाच्या काळात ते ऑटोरोटेशनसाठी होतं: इंजिन मोकळं ठेवून, फक्त पिचवर, फिरत्या पात्यांच्या जोरावर उतरायला. विजेच्या मोटरला ते त्याहून निकडीचं झालं, कारण बॅटरी जोडताच मोटर फिरू शकते आणि ४५० च्या पात्यांनी बोटं गंभीर कापली जाऊ शकतात. रेडिओ लावताना मी सर्वांत आधी हेच बटण ठरवतो. होल्ड चालू करायचा, स्टिक वरपर्यंत नेऊन मोटरचा संकेत शून्यावरच राहतो का ते पडद्यावर पाहायचं, आणि मगच बॅटरीच्या तारेला हात लावायचा.