पेटती बनाटी आणि तिच्यामागचा चेहरा

कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात दोन्ही टोकं पेटवलेली काठी, म्हणजे बनाटी, अंधारात गरगर फिरते तेव्हा डोळ्यांना आगीचं अखंड कडं दिसतं. मोबाइलवर मात्र येतात दोन पिवळे फराटे, आणि फिरवणारा काळोखात गडप.

चेहरा उजळायला फ्लॅश हवाच. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा (मोबाइलच्या दिव्याचा नव्हे) लखलखाट साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो, त्यामुळे शटर पुढे कितीही वेळ उघडं राहिलं तरी चेहरा त्या क्षणालाच गोठतो. आग मात्र शटर मिटेपर्यंत सेन्सरवर उमटत राहते. त्यातही फिरत्या आगीची गंमत अशी, की शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर रेघ उजळत नाही, लांबते. खेळाडू सेकंदाला दोन फेरे मारत असेल, तर पाव सेकंदात काठी अर्धाच फेरा घेते. पण टोकं दोन, म्हणून कडं पूर्ण! त्याहून जास्त वेळ दिला की कड्यावर दुसरा थर चढतो आणि ज्वाळेचे सुंदर तुरे पुसले जातात.

रंगाचंही भांडण असतं. ज्वाळेचा पिवळेपणा येतो तापलेल्या काजळीच्या सूक्ष्म कणांतून. मेणबत्तीच्या उजेडाचं रंग-तापमान (आकडा कमी तितका उजेड नारिंगी, जास्त तितका निळसर) सुमारे 1900 केल्विन, फ्लॅशचं सुमारे 5500. आगीशेजारचा माणूस त्यामुळे फ्लॅशमध्ये निळसर, आजारी दिसतो. फ्लॅशवर नारिंगी जिलेटिनचा कागद लावला की दोघांचं जमतं.

क्रिकेटपटूच्या पेटत्या बॅटचे फोटो बहुधा जोडकाम असतं, आणि ते बरंच आहे. जर्सीचं पॉलिस्टर जळता जळता वितळून कातडीला चिकटतं. म्हणून ज्वाळा काळ्या पडद्यापुढे वेगळी टिपतात आणि फोटोशॉपच्या 'स्क्रीन' मोडमध्ये, म्हणजे दोन चित्रांचा उजेड एकमेकांत मिसळून, खेळाडूवर चढवतात. काळं म्हणजे शून्य उजेड. तो मिसळून काही बदलत नाही, उरते फक्त आग.

चोरी पकडली जाते ती चेहऱ्यावर. बॅट उजवीकडे भडकलेली, पण उजवा गाल थंडगार आणि नाकाची सावलीही आगीच्याच दिशेला. असले पोस्टर चौकाचौकांत दिसतात. शंका आली तर फोटो मोठा करून बुबुळं बघा. हातात आगीचा लोळ, आणि डोळ्यांत स्टुडिओतल्या सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे पांढऱ्या कापडाआडच्या दिव्याचा, पांढराशुभ्र चौकोन.