बसवर नवीन लागलात? लायसन-बॅचपासून अपघातानंतरच्या फॉर्मपर्यंत सगळं एकदा वाचून ठेवा

हेवी लायसन हातात आलं, पहिली ट्रिप लागली की पोरं विचारतात पगार किती, नाईट भत्ता किती, लाईन कुठली. ठोकली तर काय करायचं हे कोणी विचारत नाही, आणि ठोकल्यावर विचारायला वेळ नसतो. तेव्हा डोक्यात एकच येतं, पळ. आणि तिथेच निम्मी केस हातातून जाते. म्हणून हे महाराष्ट्रातल्या नवीन ड्रायव्हरांसाठी लिहितोय, प्रायव्हेट असो, शाळेची असो की कंपनीची स्टाफ बस असो.

आधी पात्रता, कारण अपघातानंतर पहिला हात लायसनलाच लागतो. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय २० पूर्ण पाहिजे आणि त्याआधी कारचं म्हणजे लाईट मोटारचं पक्कं लायसन किमान एक वर्ष जुनं पाहिजे, नाहीतर हेवीचं लर्निंगच निघत नाही. ८वी पासची अट केंद्राने २०१९ मध्येच काढली, तरी कोणी शाळेच्या दाखल्याच्या नावावर पैसे मागितले तर देऊ नका (एसटीसारख्या भरतीत मात्र शिक्षण, उंची, डोळे याच्या अटी वेगळ्या असतात, त्या जाहिरातीतच बघायच्या). अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर, सोबत आधार, पत्त्याचा पुरावा, जुनं लायसन, डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा फॉर्म १-ए आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ चं सर्टिफिकेट. लर्निंग सहा महिने चालतं, टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. पॅसेंजर गाडीच्या बॅचसाठी (म्हणजे पॅसेंजर गाडी चालवायचा आरटीओचा बिल्ला) पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला लागतो, त्याला वेळ लागतो म्हणून तो अर्ज आधीच टाकून ठेवा.

ट्रान्सपोर्टचं लायसन ५ वर्षांचं असतं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस सवलत होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली, हे जुन्या ड्रायव्हरांनाही माहीत नसतं. म्हणजे काल संपलं आणि आज ठोकली तर तुम्ही विनालायसन. रिन्यूअलचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधी करता येतो, मग शेवटच्या आठवड्याची वाट कशाला बघायची? टेम्पो ट्रॅव्हलरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलंय की ७५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी साध्या लाईट मोटारच्या लायसनवर चालते. पण हा निकाल दाखवून कोणी मोठी बस हातात दिली तर सरळ नाही म्हणा.

गाडीचे कागद पाच: आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी. फिटनेस ८ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन-दोन वर्षांचं आणि नंतर दरवर्षी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधले कागद कायद्याने चालतात, त्यामुळे ड्युटीवर चढायच्या आधी मोबाईलमध्ये गाडी नंबर टाकून तारखा बघायला दोन मिनिटं लागतात. माझ्या पहिल्या मालकाने सांगितलेलं, कागद ऑफिसात आहेत, तू निघ. नाशिक रोडला एका बाईकवाल्याला घासली, त्याला फक्त खरचटलं होतं, पण विमा संपून अकरा दिवस झालेत हे मला पोलीस ठाण्यात हवालदाराने सांगितलं. चार तास बाकड्यावर, आणि मालकाचा फोन बंद. त्या दिवसापासून तारीख बघितल्याशिवाय मी चावी घेत नाही.

आता अपघात. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरसाठीच आहे, भाषा अवघड आहे पण मागणं साधं आहे. एक, जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलला पोचवायची सोय करायची. दोन, पोलिसांनी विचारलं ते सांगायचं, आणि जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत जाऊन अपघात कळवायचा. तीन, विमा कंपनीला लेखी कळवायचं: पॉलिसी नंबर आणि मुदत, तारीख-वेळ-ठिकाण, जखमी किंवा मयत कोण, आणि तुमच्या लायसनची माहिती. हे नाही केलं तर कलम १८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० दंड किंवा दोन्ही, आणि ही शिक्षा अपघातात चूक कोणाची होती त्याच्याशी संबंधित नाही, नुसतं न कळवण्याची आहे.

सगळे म्हणतात थांबलो तर पब्लिक मारेल. खरंय, मारते. पण कायद्यालाही हे माहीत आहे, त्याच कलमात लिहिलंय की जमाव चिडलेला असेल किंवा हाताबाहेरचं काही कारण असेल तर जखमीला पोचवण्याच्या जबाबदारीतून सूट आहे. ठाण्यात कळवण्यातून सूट नाही. म्हणजे जीव वाचवायला निघालात तर पाय पोलीस ठाण्याकडे वळले पाहिजेत, गावाकडे नाही, आणि वाटेतच ११२ ला फोन करा, त्या फोनची वेळ नोंदली जाते आणि पळून गेला नव्हता हे सांगायला पुढे तीच कामाला येते. ॲम्ब्युलन्स १०८, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३. जखमीच्या नातेवाईकांना हेही सांगा की मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, नोंदणीकृत हॉस्पिटलमध्ये अपघाताच्या तारखेपासून ७ दिवस दीड लाखापर्यंत उपचार.

गाडी थांबली की हजार्ड लाईट, मागे रिफ्लेक्टरचे त्रिकोण, आणि घाट असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवायचे, वळणावर ठेवून मागच्याला दिसणार कसे? पॅसेंजर खाली उतरवून रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभे करा, गाडीच्या मागे घोळका करून सेल्फी काढत उभे राहतात ते आधी हलवा. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. बस ज्या अंगावर पडली तिकडेच दरवाजा होता, जे वाचले त्यातले काही काच फोडून निघाले. म्हणून ट्रिप सुरू होताना मागचा इमर्जन्सी एक्झिट आणि काच फोडायचा हातोडा कुठे आहे ते मी पॅसेंजरला बोलून दाखवतो, हसतात, हसू दे.

पंचनामा होईपर्यंत गाडी हलवू नका, ट्रॅफिकसाठी पोलिसांनीच हलवायला लावली तर आधी चारही बाजूंनी फोटो, टायरच्या खुणा, समोरच्या गाडीची नंबर प्लेट. नंतर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक ब्रेक-स्टिअरिंग तपासतो, त्याआधी गॅरेजला नेऊन काही बदललंत तर पुरावा तुम्हीच पुसलात असं होतं. गाडी जप्त झाली असेल तर मालक कोर्टातून सुपुर्दनाम्यावर (हमीपत्र लिहून) सोडवतो, ते तुमचं काम नाही. तुम्ही फक्त जबाब नीट वाचून सही करा. दारूची टेस्ट मागितली तर द्या, मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि पॅसेंजरच्या गाडीवर माझ्या मते ती शून्यच धरायची.

आता तो फॉर्म, ज्याचं नाव बऱ्याच ड्रायव्हरांनी ऐकलेलंच नसतं. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राच्या नियमांत अपघाताच्या तपासाचं वेळापत्रक आलंय. पोलीस ४८ तासांत पहिला अहवाल म्हणजे फॉर्म १ पाठवतात, ड्रायव्हरने फॉर्म ३ आणि मालकाने फॉर्म ४ तपास अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला, म्हणजे अपघात भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला जातो. फॉर्म ३ मध्ये तुमची, लायसनची, गाडीची माहिती असते, सोबत कागदांच्या झेरॉक्स. तो द्या आणि पोच घ्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख. मालक म्हणेल मी बघतो, पण ड्रायव्हरचा फॉर्म ड्रायव्हरनेच भरायचा.

कलमांची भीती खूप पसरवतात म्हणून थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, बेदरकार चालवणं कलम २८१, दुखापत १२५, हयगयीने मृत्यू १०६(१) ज्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे पण कलम जामीनपात्र आहे. पळून गेल्यास १० वर्षं असं जे १०६(२) होतं, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, ते संहिता लागू करताना केंद्राने थांबवून ठेवलं. पण प्रकरण फार गंभीर असेल तर पोलीस सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावू शकतात, ९ डिसेंबर २०२४ च्या कुर्ला बस अपघातात लावलं होतं. ती बस इलेक्ट्रिक होती. डिझेलच्या गाडीवर शिकलेल्याला गिअर नसलेली इलेक्ट्रिक गाडी दिली तर पायाला वेगळी सवय लागते, तेव्हा नवीन गाडी मिळाली की ट्रेनिंग मागून घ्या, लाजू नका. आणि डबल ड्युटी नको. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं स्पष्ट लिहिलेलं होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली.

काही महिन्यांनी ट्रिब्युनलची नोटीस घरी येऊ शकते, पीडितांना दावा लावायला आता अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. लिफाफा बघून घाबरू नका आणि बाजूलाही टाकू नका, त्याच दिवशी प्रत मालकाला आणि विमा कंपनीला द्या. लायसन आणि विमा चालू असेल तर भरपाई साधारण कंपनीच भरते, लायसन बोगस किंवा संपलेलं निघालं तर बऱ्याच केसेसमध्ये कंपनी आधी भरते आणि मग मालकाकडून वसूल करायला निघते, आणि मालक तुमच्याकडे बघतो. त्यामुळे जागेवरचे फोटो, ११२ च्या कॉलचा स्क्रीनशॉट आणि फॉर्म ३ ची पोच मोबाईल बदलला तरी जपून ठेवा, केस बोर्डावर यायला दोन-तीन वर्षं सहज जातात.