सिगारची पारख, नागपूरच्या हवेत

मे महिन्यात नागपुरात ओढलेली भारी सिगार बहुतेक वेळा वाईट लागते, आणि त्यात ती वळणाऱ्या क्युबन कारागिराचा काही दोष नसतो. बाहेर पारा ४५ अंशांवर, दुपारच्या हवेतली आर्द्रता जेमतेम २० टक्के. दुबईहून आलेल्या मेहुण्याने दिलेला डबा असाच कपाटात पडून राहिला की पानांतलं पाणी उडून जातं. त्यामुळे किंमत आणि पट्टीवरची सोनेरी नक्षी बाजूला ठेवून आधी ओल बघावी.

तंबाखूचं पान हवेतली ओल शोषतं आणि सोडतंही. साठवणीला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. पान त्याहून कोरडं पडलं की भराभर आणि जास्त गरम जळतं. सुवासाची द्रव्यं आधीच उडालेली असतात, मग धुरात नुसती जळजळ उरते. ऑगस्टमध्ये उलटा प्रकार. धूर ओढायला जोर लावावा लागतो, सिगार मध्येच विझते, आतला भरणा फुगून वरचं नाजूक पान तडकतं. चिमटीत हलकेच दाबून बघा: दबून पुन्हा पूर्ववत झाली तर ठीक, करकरली तर कोरडी.

आर्द्रतामापक विकत घेतला तरी त्याच्यावर लगेच विसंबू नये. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून घट्ट लगदा करा (मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही) आणि मापकासोबत हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या कोंडलेल्या हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. खोली २० अंशांवर असो की ३५ वर, हा आकडा जवळजवळ हलत नाही. मापक ६९ दाखवत असेल तर तो सहाने कमी सांगतो, एवढं ध्यानात ठेवलं की काम झालं.

उन्हाळ्यातला दुसरा उपद्रव किडीचा. लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने हा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी, पाठीत वाकलेला भुंगेरा. हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. साठवणीतल्या मिरचीत आणि हळदीतही हाच पडतो, त्यामुळे कळमन्याच्या बाजारात त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. पानातली अंडी उबेने फुटतात, अळी आत पोखरते आणि वरच्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसतं.

वाया गेलेली एखादी सिगार ब्लेडने उभी चिरून बघावी. चांगलीत लांबच्या लांब पानं दुमडून बसवलेली दिसतात, स्वस्तात चुरा. अख्ख्या पानांची राख बोटभर टिकते, चुऱ्याची शर्टावर पडते. ही पानं झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची असतात. शेंड्याकडचं लिगेरो जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारं. मधलं सेको सुवासाचं. बुडाचं वोलाडो पेट धरून ठेवणारं. लिगेरो बरोबर मध्यभागी बसावं लागतं. कडेला सरकलं तर सिगार एकाच अंगाने जळत जाते. हे ओळखायला चवीची जाण लागत नाही, डोळे पुरतात.

चव घडते ती मुरवताना. वाळलेली पानं ओलसर करून त्यांचे ढीग रचतात. ओल्या सोयाबीनची गंजी आतून तापते तसेच हे ढीग तापतात, फक्त इथे ती ऊब हवी असते, तीही मोजून. ठरलेल्या तापमानाला ढीग उलथून पुन्हा रचतात. असं काही आठवडे, कधी महिने चालतं. या काळात अमोनिया निघून जातो. इथे घाई केली असेल तर पहिल्याच झुरक्याला नाकात झोंबतं. गडद रंगाची सिगार कडक, ही समजूत मात्र सोडून द्यावी. रंग वरच्या पानाच्या मुरण्यातून येतो, कडकपणा मुख्यतः आतल्या लिगेरोतून.

कॉफी, कोको, चामडं, लाकूड असले स्वाद जाणकार सांगतात, पण जिभेला कळतं ते फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. बाकी सगळं घशामागून नाकात पोचतं. म्हणून जाणकार थोडा धूर नाकावाटे सोडतात. मिरीसारखा चटका ही तर चवच नव्हे, ती ट्रायजेमिनल चेतेने (चेहऱ्याची, तोंडाची संवेदना मेंदूला पोचवणाऱ्या नसेने) दिलेली वेदनेची खबर. मिरचीची खबरही तीच देते. सावजी रस्सा ओरपून लगेच सिगारची परीक्षा घेणं त्यामुळे फुकट आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिन या तिखट द्रव्याने त्या चेतेची टोकं काही काळ बधिर झालेली असतात.

‘आपण धूर छातीत घेत नाही, मग काय होतंय?’ असं धरमपेठेतल्या गप्पांत ऐकू येतं. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून तो छातीत ओढला जातो. सिगारचा धूर मात्र जळता जळता अल्कधर्मी होत जातो. सामू (आम्ल-अल्क मोजणारा pH) ८ च्या आसपास गेला की जवळपास निम्मं निकोटिन मुक्त रूपात येतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. पानठेल्यावर खर्रा घोटताना चुना पडतो, तिथेही हेच रसायन चालतं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते, आणि तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका धूर छातीत न घेताही वाढतो.

सिगारच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात हा सामू सर्वांत वर पोचतो आणि आधीच्या झुरक्यांचं डांबरही तिथेच साचलेलं असतं. कडवटपणा वाढतो, नवख्याचं डोकं गरगरतं. मुरलेले शौकीनसुद्धा तेवढा तुकडा सोडून देतात.