'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन कादंबऱ्यांची मालिका नव्हे

दादरच्या आमच्या वाचनगटात टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'विषयी एक तक्रार हमखास ऐकू येते : पहिली कादंबरी शेवट न करताच थांबते. तक्रार मनापासूनची असली, तरी तिच्या मुळाशी असलेला, ही तीन स्वतंत्र कादंबऱ्यांची मालिका आहे हा समज चुकीचा आहे. मुळात ही सहा पर्वांची एकच कादंबरी असून, महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कागद महाग होता आणि एवढ्या मोठ्या ग्रंथात नुकसानीची भीती होती, म्हणून प्रकाशकांनी ती जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात तीन खंडांत काढली.

एका सभासदाने फोर्टच्या पदपथावरून घेतलेल्या पहिल्या खंडाचे शेवटचे पान आम्ही मुद्दाम उघडून पाहिले. कथानायक फ्रोडो आणि त्याचा साथीदार सॅम इतर सोबत्यांपासून वेगळे होऊन मॉर्डोरच्या, म्हणजे शत्रूच्या प्रदेशाच्या, वाटेला लागतात आणि मजकूर थांबतो. हा केवळ दुसऱ्या पर्वाचा विराम आहे. उद्योगपर्व मिटून 'युद्ध झालेच नाही' असे आपण महाभारताविषयी कधी म्हणत नाही. दुसऱ्या खंडाचा विराम मला याहून जीवघेणा वाटतो : फ्रोडो शत्रूच्या हाती जिवंत सापडतो, आणि पुढचे कळण्यासाठी तेव्हाच्या वाचकांना सुमारे अकरा महिने थांबावे लागले. तिसऱ्या खंडाचे 'द रिटर्न ऑफ द किंग' हे नावही खुद्द टोल्कीन यांना पसंत नव्हते, कारण राजा परतणार हे त्यातूनच आधी फुटते.