एकाच स्वाराच्या मापाची मोटारसायकल

मोटोजीपी म्हणजे मोटारसायकल शर्यतींची सर्वोच्च जागतिक स्पर्धा. तिचा २०१९चा हंगाम संपला तेव्हा होंडाच्या मार्क मार्केझकडे ४२० गुण होते. त्याच संघात तीच आरसी२१३व्ही ही गाडी चालवणाऱ्या होर्हे लोरेन्झोकडे फक्त २८. लोरेन्झो दुखापतीमुळे काही शर्यतींना मुकला हे खरं, पण तो पाच वेळचा जगज्जेता होता. ही दरी धोक्याची खूण होती. होंडाने मात्र विजेतेपद साजरं केलं.

ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो. टायरची पकड ठरावीक असते आणि ब्रेक व वळण या दोघांना ती वाटून घ्यावी लागते. गाडी आडवी झालेली असताना ब्रेक दाबून धरला की पुढचा टायर घसरतो. इतर बहुतेकांची शर्यत तिथेच संपते. मार्केझ कोपर आणि गुडघा जमिनीला रेटून, साठ अंशांपलीकडे कललेली गाडी पुन्हा सावरायचा.

सगळ्यात वेगवान तोच, म्हणून गाडीतले बदल त्याच्या मताने होत गेले. नवी गाडी त्याला आणखी मानवायची, बाकीचे आणखी मागे पडायचे आणि त्यांच्या तक्रारींना वजन उरायचं नाही. संगणकाला एकाच प्रकारची उदाहरणं देऊन शिकवलं की तो नव्या उदाहरणापुढे अडतो. त्याला ओव्हरफिटिंग म्हणतात. होंडाचं तेच झालं. यात दोष मार्केझचा नाही. हवं ते मागणं हे स्वाराचं कामच आहे. इतरांचं ऐकणं ही कंपनीची जबाबदारी होती.

१९ जुलै २०२० रोजी स्पेनमधल्या हेरेझच्या शर्यतीत मार्केझच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. त्या हंगामात होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही. सर्व संघांना टायर पुरवणाऱ्या मिशेलिनचा नवा मागचा टायरही त्याच वर्षी आला होता, त्यानेही गणित बिघडवलं. २०२२साठी गाडी नव्याने घडवली, तरी जूनमध्ये जर्मनीत, मार्केझ चौथ्या शस्त्रक्रियेमुळे घरी असताना, होंडाच्या एकाही स्वाराला गुण मिळाला नाही. चाळीस वर्षांत असं घडलं नव्हतं. वर्षअखेरीस सहा उत्पादकांत होंडा शेवटची.

इटलीची डुकाटी कंपनी त्याच काळात आठ गाड्या उतरवत होती आणि आठही स्वारांची माहिती एकत्र अभ्यासत होती. २०२३मध्ये गुणतालिकेत पहिले तिघेही डुकाटीचेच होते, आणि तिघांची शैली वेगवेगळी.

मार्केझ त्याच वर्षाअखेर होंडातून बाहेर पडला. २०२५मध्ये जपानच्या मोतेगीत, होंडाच्याच ट्रॅकवर, त्याने डुकाटीवरून जगज्जेतेपद पक्कं केलं. त्या शर्यतीत तिसरा आला होआन मीर, होंडावर.